डोळे आले नव्हते

माझा डावा डोळा गेला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, कारण तो गेलाय हे मुळात मलाच कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात सामील झालं त्या सुमाराची ही गोष्ट. ट्रेनिंग कॉलेज संपवून मी कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. आईवडील माझ्या लहानपणीच गेलेले. गावी, नेसरीला, थोरला भाऊ आणि वहिनी शेती बघत होते. भावाला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. गावात मुलींना चौथीच्या पुढं शिकवायची पद्धत नसताना त्यानं मला शिकवलं. नोकरीही करू दिली. माझ्या लग्नाचं बोलणं तो अधूनमधून काढायचा आणि मी ते टाळायची.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले आणि तिथं डोळा लाल झाला. भुवईच्या आत कुणीतरी अंगठा रुतवून दाबतंय असं दुखायचं. उजेड तर बघवायचाच नाही. वहिनीनं पाहिलं आणि म्हणाली, "डोळं आल्यात. चार दिसांत जातील." मग हळदीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं झालं, धन्याचं पाणी झालं, शेजारच्या बाळंतिणीचं दूधही डोळ्यात पिळून झालं. तालुक्याच्या दवाखान्यातून अण्णानं तपकिरी थेंब आणले, तेही घातले. महिन्याभरात लाली ओसरली. वहिनीनं ओवाळून मीठमोहऱ्या टाकल्या आणि मी शाळेत परत रुजू झाले.

एके दिवशी तिसरीच्या वर्गात फळा पुसताना खडूची भुकटी उजव्या डोळ्यात गेली. मी तो डोळा मिटून घेतला आणि वर्गच नाहीसा झाला. समोरच्या मुली, बाकं, खिडकी, सगळं गेलं. ताकाच्या भांड्यातून बघावं तसा नुसता पांढरट उजेड राहिला. मी पटकन उजवा डोळा उघडला. मुली आपापल्या पाट्यांवर लिहीत होत्या. मी पुन्हा तो मिटून पाहिला, पुन्हा उघडला. कुणाला काही कळलं नाही. तास संपेपर्यंत मी पाढे म्हणून घेतले.

अण्णाला सांगितल्यावर तो एका वैद्याकडे घेऊन गेला. वैद्यानं पापणी वर करून बघितली आणि म्हणाला, "एक देवानं ठेवलाय न्हवं? त्यो जपा." मीही तसंच ठरवलं. एका डोळ्यानं वाचता येतं, वह्या तपासता येतात, रस्ता ओलांडता येतो. माझं दुसरं काय अडणार होतं?

त्यानंतर चार वर्षं बरी गेली. गंगावेशीकडे एका गवळ्याच्या घरात माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. गवळी वारलेला. त्याची बायको एकटीच म्हशी सांभाळायची, दूध घालायची. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, तशी मीही म्हणू लागले. आक्काला मूलबाळ नव्हतं. तिचा आवाज असा की ती म्हशीशी प्रेमानं बोलली तरी पलीकडच्या तालमीतल्या पोरांना वाटावं, भांडण लागलंय.

शाळेत माझी एकच मैत्रीण होती. ती गणित शिकवायची. आम्ही दुपारी एकाच डब्यात जेवायचो. तिची भाजी, माझी भाकरी. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचो. मग तिला मुलगा झाला. रंकाळ्याचं फिरणं सुटलं, पण डबा चालू होता.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला माझा उजवा डोळा लाल झाला.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावलं. टेबलाच्या पलीकडूनच, खुर्ची थोडी मागे सरकवून त्या म्हणाल्या, "डोळे आलेत तुमचे. पूर्ण बरं वाटेपर्यंत येऊ नका. मुलींचे पालक बोलतात हो." मी हो म्हटलं. मैत्रिणीनं त्या दिवशी आपला डबा वेगळा उघडला. मला ते चुकीचं वाटलं नाही. घरी तान्हं मूल असल्यावर कुणी दुसरं काय करेल?

मी खोलीवर आले आणि खिडकीला चादर लावून पडून राहिले. आक्का ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची आणि खालून हाक मारायची, "बाई, जेवून घ्या." मी ताट आत घ्यायची, जेवून घासून परत पायरीवर ठेवायची. आठवडाभरात मैत्रीण एकदा आली. वर नाही आली. खाली अंगणात उभी राहिली. मी पदरानं डोळा झाकून खिडकीशी गेले.

"बरं आहे का?" तिनं विचारलं.

"दुखतंय फार."

"काही लागलं तर सांग हं. कुणाच्याही हाती निरोप धाड."

तिच्या खांद्यावर बाळ होतं. बोलता बोलता तिनं त्याचं तोंड दुसऱ्या खांद्याकडे वळवलं. त्याला मला बघायचं होतं, ते मान फिरवत होतं, आणि ती पुन्हा पुन्हा वळवत होती. मग ती गेली. त्यानंतर ती आली नाही. मीही निरोप धाडला नाही.

दुखणं वाढलं तसा भुवईच्या आतला तो अंगठा मी ओळखला. चार वर्षांपूर्वीचाच तो. हे लक्षात आलं तेव्हा मी अंथरुणावर उठून बसले, आणि पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली. हा डोळा गेला की संपलं. जिन्याच्या तोंडाशी जाऊन मी हाक मारली, "आक्का, मला डॉक्टरकडं न्याल का?"

आक्का गोठ्यातून हात पुसत आली. "कोणच्या?"

"डोळ्याच्या. कुणी असेल तर."

"लक्ष्मीपुरीत एक हाय नवा. विलायतेस्नं शिकून आलाय. त्याच्या घरी माझंच दूध जातंय." तिनं चपला पायांत सरकवल्या. "चला की. बसलाय काय?"

ती माझा हात धरेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं धरला. भर उन्हात डोक्यावरून पदर ओढून, डोळे मिटून मी आक्काच्या हाताला धरून कोल्हापुरातून चालत गेले. रस्त्यात कुणी काही विचारलं की आक्का ओरडायची, "दवाखान्यात चाललोय! सरा बाजूला!"

उन्हातून आलेला डोळा उघडवेना, डॉक्टरांचा चेहरा मला दिसला नाही. धुरकट पांढरा अंगरखा आणि आवाज, एवढंच. आवाज तुटक होता.

"सकाळी उठल्यावर पापण्या चिकटतात? चिपडं येतात?"

"नाही."

"पाणी?"

"येतं. पण नुसतं पाणी."

"दुखतं कुठं? वर, हाडाच्या आत?"

"हो. तिथंच."

त्यांनी मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. टेबलावर एक यंत्र होतं. त्याच्या पट्टीवर हनुवटी टेकवायची, कपाळ वरच्या पट्ट्याला लावायचं आणि हलायचं नाही. मग एक बारीक, उभी, धारदार उजेडाची रेघ डोळ्यात शिरली. मी कळवळले. "सहन करा," ते म्हणाले, "थोडंच." यंत्राच्या पलीकडून ते माझ्या डोळ्यात बघत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. कित्येक दिवसांत माझ्या इतक्या जवळ कुणी आलेलं नव्हतं.

"डोळे आलेले नाहीत," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दारातून कवडसा आला की त्यात धूळ तरंगताना दिसते ना, तशी धूळ तुमच्या डोळ्यातल्या पाण्यात दिसतेय मला या दिव्यात. बुबुळाच्या मागं जो रंगीत पडदा असतो, त्याला आतून सूज आली आहे. आयरायटिस म्हणतात. डोळे येणं हे वरच्या आवरणाचं दुखणं. तुमचं आत आहे."

"मग हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही."

"लहान मूल जवळ आलं तरी?"

"बाई, तुम्ही शंभर मुलं मांडीवर घेतलीत तरी एकालाही लागणार नाही."

मला रडू आलं. ते म्हणाले, "रडण्यानं डोळ्याला काही होत नाही. पण मला दिसेनासं झालंय." मी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा हनुवटी टेकवली.

डावा डोळा त्यांनी जास्त वेळ पाहिला. "याचं काय झालं होतं?" मी सांगितलं. हळदीचं फडकं, तपकिरी थेंब, सगळं. "पडद्याची कड मागच्या भिंगाला चिकटून बसली," ते म्हणाले. "बाहुलीच बंद झाली. तेव्हाच ती मोठी करणारे थेंब पडायला हवे होते." एवढंच. तेव्हा कुणी ते घातले नाहीत, याचा दोष त्यांनी कुणाला दिला नाही. मीही नंतर वहिनीला दिला नाही. तिला येत होतं तेवढं तिनं मनापासून केलं होतं.

त्यांनी उजव्या डोळ्यात थेंब घातले. बाहुली मोठी झाली आणि होता तेवढा उजेडही अंगावर धावून येऊ लागला आणि जवळचं काहीच दिसेना. तोंड कोरडं पडलं. "हे चालू ठेवायचं. कड चिकटू द्यायची नाही. आता कारण शोधू." त्यांनी लिहायला कागद घेतला. "लग्न झालंय?"

"नाही."

"रक्त तपासावं लागेल. एका रोगासाठी. मी सगळ्यांचंच तपासतो."

त्यांनी रोगाचं नाव घेतलं नाही, पण ट्रेनिंगला आरोग्यशास्त्राचं पुस्तक होतं आणि मी ते वाचलेलं होतं. कुठला रोग, ते मला कळलं. दाराच्या पडद्यापलीकडे आक्का बसली होती, कंपाउंडर होता. मी मान खाली घालून हात पुढे केला. माझ्यात काही नव्हतं, असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी रक्ताचा निकाल येईपर्यंत मी माझ्याच खोलीत गुन्हेगारासारखी वावरले. ज्या बाईला आयुष्यात कुणी हात लावला नाही, तिच्या रक्तात तो रोग शोधत होते. हे कुणाला सांगायचं? आक्कानं विचारलं, "रगत कशापायी काढलं ओ?" मी म्हटलं, "अशक्तपणा आहे का बघतात."

रक्त स्वच्छ निघालं. मग छातीचा फोटो झाला, तोही स्वच्छ. मग डॉक्टर म्हणाले, दातांच्या मुळाशी पू असला तर त्याचं विष डोळ्यात उतरतं. ओळखीच्या दंतवैद्याकडे त्यांनी मला पाठवलं. माझ्या चार दाढा काढल्या. त्यांतली एकही कधी दुखली नव्हती. डोळ्याला फरक पडला नाही. आता मला भाकरी चावता येईना, म्हणून आक्का ती दुधात कुस्करून द्यायला लागली. ताट आता पायरीवर ठेवत नव्हती. वर येऊन समोर बसायची.

"लागत न्हाय म्हनला न्हवं डाक्तर? मग झालं," ती म्हणाली. "मी आधी पायरीवर ठेवत हुती, त्याचा राग धरू नका. घरोघर दूध घालाय जाती मी. माझ्यामुळं कुणाचं पोर आजारी पडलं असतं तर गल्लीनं मला उभी केली नसती."

"राग नाही आक्का."

"असला तरी बोलून टाका. मनात ठिवू नका."

राग खरंच नव्हता. शाळेतून मात्र कुणी आलं नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी मी आक्काच्या हाती शाळेत पाठवली होती, की हा आजार संसर्गाचा नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "हो, पण लोकांना कोण समजावणार?" आक्कानं हे जसंच्या तसं, बाईंचा आवाज काढून मला सांगितलं. मग खाली जाऊन म्हशींना वैरण टाकता टाकता तिनं मुख्याध्यापिकाबाईंचा जो उद्धार केला, तो मी वर पडून ऐकला.

दाढांनंतर दुधाची इंजेक्शनं सुरू झाली. आज हे सांगितलं तर तरुण डॉक्टरही विश्वास ठेवत नाहीत. उकळून निर्जंतुक केलेलं साधं दूध कमरेत टोचायचं. त्यानं सणसणून ताप भरतो, आणि त्या तापाच्या भरात शरीर डोळ्याची सूजही ओढून काढतं, असा तो उपाय. डॉक्टरांनी तो समजावून सांगितला तेव्हा आक्का माझ्या शेजारीच उभी होती.

"दूध टोचनार?" ती म्हणाली. "कुनाचं?"

"कुणाचंही चालेल. आम्ही उकळून घेतो."

"कुनाचंबी कसं चालंल? पानी घातल्यालं दूध टोचलासा तर पानीच चढंल की बाईच्या अंगात!"

दुसऱ्या दिवशी पहाटेची धार काढून, पितळेच्या तांब्यावर फडकं बांधून आक्का माझ्यासोबत दूध घेऊन आली. आपल्या सगळ्यांत चांगल्या म्हशीचं. डॉक्टर पहिल्यांदाच हसलेले मी ऐकले. त्यांनी तांब्यातलं थोडं दूध काचेच्या नळीत घेतलं, उकळलं, निववलं, सुईत भरलं. मला संध्याकाळी जो ताप भरला त्यात दात वाजत होते, उरले होते तेवढे. आक्का उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि स्वतःशीच समाधानानं म्हणत होती, "लागू पडलं. दूध लागू पडलं."

ताप उतरला की एखाददुसरा दिवस डोळा हलका वाटायचा. मग पुन्हा तेच. असं तीन-चारदा झालं. दर वेळी दिसणं थोडं आणखी पुसट व्हायचं. आक्का समोर बसली की आधी तिचं कुंकू नसलेलं कपाळ दिसायचं, नाकातली चमकी दिसायची. मग चमकी दिसेनाशी झाली. मग नुसता आकार आणि आवाज उरला.

दिवसभर मी त्या अंधाऱ्या खोलीत असायची. तालमीत शड्डू ठोकल्याचे आवाज यायचे. गल्लीतल्या बायका नळावर भांडायच्या. शाळा सुटल्यावर मुली गप्पा मारत खालून जायच्या, त्यांतले काही आवाज माझ्या वर्गातले होते. एकदा एक जण म्हणाली, "बाई इथं राहतात." दुसरी म्हणाली, "वर बघू नको, डोळे येतात." आणि त्या पळाल्या. मी कविता म्हणून पाहायची, पाढे म्हणून पाहायची. आपलाच आवाज खोलीत फार मोठा वाटायचा, म्हणून तेही सोडलं.

अण्णा आला. एस.टी.नं आला होता. सोबत वहिनीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. तो माझ्या अंथरुणाशी येऊन बसला.

"गावाकडं चल," तो म्हणाला. "हितं एकटी कशाला ऱ्हातीस? आम्ही हाय की तुझं बघायला."

"उपचार चालू आहेत अण्णा."

"त्यो दात काढतोय, दूध टोचतोय. उपचार हाय व्हय ह्यो?" मग त्याचा आवाज खाली आला. "हे बघ, व्हायचं ते व्हईल. घरात एक खोली तुझी हाय. वैनी तुला एका शब्दानं काय बोलायची न्हाय. पोरं हायत, तुझ्याजवळ बसतील."

ते सगळं खरं होतं. त्यानं एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता. आणि तरी मला त्या खोलीत बसलेली मी दिसली. कुणीतरी आणून ठेवलेलं ताट चाचपडणारी, पोरांनी हात धरून परसात नेलेली, घरात असून नसलेली. मी म्हटलं, "थोडे दिवस थांबते. नाहीच जमलं तर येते."

तो जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. जिन्यावर त्याची पावलं थांबली. तो रडत असावा. मला दिसलं नाही.

आणखी काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "एक नवं औषध निघालंय. परदेशात दोन-तीन वर्षं वापरतायत. आपल्याकडे मुंबईला मिळू लागलंय. माझ्या हातून अजून कुणालाच दिलेलं नाही." मग म्हणाले, "मी खात्री देत नाही."

"काय आहे ते?"

"आपल्या शरीरातच तयार होणारा एक रस. कॉर्टिसोन. तो डोळ्यात थेंबाथेंबानं घालायचा. सूज बसते, असं वाचलंय."

वाचलंय, असं ते म्हणाले. पाहिलंय, असं नाही. पण त्यांनी ते लपवलं नाही म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी म्हटलं, "घाला."

औषध मुंबईहून आलं. लहानशी बाटली, तळाशी पांढरा साका. हलवून घालायचं. जागेपणी दर तासाला एक थेंब. आक्काला घड्याळ कळत नव्हतं. देवळातल्या घंटेवर आणि तालमीतल्या घड्याळाच्या टोल्यांवर ती वर यायची, बाटली गदागदा हलवायची आणि माझी पापणी म्हशीच्या पापणीसारखी निधड्या बोटांनी वर करायची.

तिसऱ्या दिवशी भुवईच्या आतलं दुखणं थांबलं. इतकं अचानक थांबलं की त्या शांततेनंच मला जाग आली. आठवडा संपता संपता खिडकीवरच्या चादरीची वीण दिसली. एकेक उभा धागा, एकेक आडवा. मी उठून चादरीला हात लावला. मग ती काढून टाकली. खाली अंगणात आक्का शेण भरत होती. तिनं वर पाहिलं.

"आक्का," मी म्हटलं, "तुमची चमकी दिसतेय."

तिनं शेणाचे हात तसेच कमरेवर ठेवले. "खालनं?"

"हो. इथून."

ती पाटी उचलून गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दवाखान्यात मी डॉक्टरांना पहिल्यांदा पाहिलं. माझ्यापेक्षा फारतर दोन-चार वर्षांनी मोठे असतील. गालांवर देवीचे व्रण. त्यांनी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटून दुसरी ओळ मी वाचली, तेव्हा ते तक्त्याकडे गेले आणि मी बरोबर वाचलं का ते स्वतः एकदा बघून आले. पाठ तर त्यांना होतंच ते सगळं.

जून महिन्यात शाळा उघडली आणि मी परत रुजू झाले. माझा वर्ग दुसऱ्या बाईंना दिलेला होता. मला शिवणाचा तास आणि पहिलीचा वर्ग मिळाला. मधल्या सुट्टीत मैत्रीण दुसऱ्या दोघींबरोबर बसली होती. तिनं सरकून जागा केली. मी बसले. तिघींनी आपापले डबे उघडलेले होते, मी माझा उघडला. संध्याकाळी फाटकाशी ती थांबली.

"मी यायला हवं होतं," ती म्हणाली. "बाळ लहान होतं गं. आणि नंतर इतके दिवस झाले होते की यायचं कसं, तेच कळेना."

"मला माहीत आहे."

"रागावलीस?"

"नाही."

आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर गेलो. तिच्या मुलाला दात आल्याचं तिनं सांगितलं. मला माझ्या दाढा आठवून हसू आलं, पण तो विनोद तिला सांगायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं. रक्ताचं, अण्णाचं, सगळं. तेवढी वाट उरली नव्हती. कोपरा आला आणि ती वळली. पुढं आम्ही एका शाळेत आठ-नऊ वर्षं काढली आणि आमचं कधीही भांडण झालं नाही.

मी दर दोन-तीन महिन्यांनी दवाखान्यात जायची. डोळ्याचं दुखणं दोनदा पुन्हा उलटलं, पण आता काय करायचं ते ठाऊक होतं. दोन्ही वेळा थोडक्यात भागलं. पुढं एकदा डॉक्टरांनी थेंब एकदम बंद केले. "हे औषध दुधारी आहे. फार दिवस घातलं तर भिंग गढूळ होतं असं दिसतंय. आधी आम्हाला माहीत नव्हतं." माझ्या भिंगावर मागच्या बाजूला बारीकसा डाग त्यांना दिसला होता. तो अजून आहे, फार वाढला नाही. त्याच दिवशी, मी उठताना ते म्हणाले, "बाई, एक सांगायचं होतं. तुमच्या त्या दाढा. काढायची गरज नव्हती. आता तसं मानत नाहीत."

 "आणि दूध?" मी विचारलं.

ते खांदे उडवून हसले. "दुधाचंही काही सांगता येत नाही."

हे मी आक्काला कधीच सांगितलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा आगाऊ निरोप न देता एस.टी.नं आला. सोबत त्याची धाकटी मुलगी, सात-आठ वर्षांची, दोन्ही डोळे लालभडक. "वैनी म्हनली, फडकंबिडकं काय लावायचं न्हाय," तो जिन्यातूनच बोलत आला. "आधी आत्याकडं न्या म्हनली. उजाडल्याबरोबर निघालोय."

मी मुलीला दवाखान्यात घेऊन गेले. यंत्रावर तिची हनुवटी पोचेना, म्हणून खाली उशी दिली. डॉक्टरांनी नीट बघितलं, दोन्ही डोळे. मग मागं सरून म्हणाले, "हिचे मात्र खरोखरच डोळे आलेत. चार दिवसांत जातील." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लांब राहा जरा. तुमचा एकच आहे."

अण्णाला शेताची कामं होती. मुलीला माझ्याकडे ठेवून तो परत गेला. लांब राहायचं मी ठरवलं होतं. तिच्यासाठी वेगळी गोधडी घातली. पण अंधार पडल्यावर तिला आईची आठवण आली आणि ती उठून माझ्या पांघरुणात शिरली. तिनं तिचं पाणावलेलं, गरम तोंड माझ्या मानेत खुपसलं. तिला उचलून परत ठेवावं असं मनात आलं. मी ठेवलं नाही. माझ्या अंथरुणात मी मोठी झाल्यापासून दुसरं कुणी झोपलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला पापणी उघडता येईना. चिकटली होती.

मुलगीही उठली होती, तिच्याही पापण्या चिकटलेल्या. आम्ही दोघी अंथरुणात डोळे मिटून बसलो. ती घाबरली नाही. हसत सुटली. "आत्या, तुलाबी आलं!" आक्कानं पाणी उकळून, निववून वाटीत आणून दिलं आणि उंबऱ्यात उभी राहून दोघींना शिव्या दिल्या. मी चाचपडत कापसानं मुलीचे डोळे पुसले. मग तिनं माझे पुसले, जीभ दाताखाली धरून, फार हळू.

डॉक्टर माझ्यावर चिडले. पण यंत्राची ती उभी रेघ डोळ्यात घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा आवाज निवळला. "वरचंच आहे," ते म्हणाले. "आत स्वच्छ आहे."

आठ दिवस मला शाळेत जाता आलं नाही. मुलगीही तोवर राहिली.